शांतम्माच्या भिंतीवरची भाकरी

शांतम्मा,

हे पत्र गुरुशांत तुला वाचून दाखवील. तुला मराठी वाचता येत नाही, मला कानडी लिहिता येत नाही, तेव्हा मध्ये मुलगा घालणं भाग आहे. गुरुशांत, यात तूही आहेस. तो भाग गाळून पुढं जाऊ नकोस, तुझ्या आईला आवाजावरून कळेल.

खुशाली आधी. जुलेखा तुझ्या घरात नीट आहे. चूल रोज पेटते. तुझा तवा मधोमध खोलगट झालाय, बदल म्हणून मी सांगून थकले, पण ती म्हणते अम्माचा तवा आहे. पावसाळा लागला. ओढ्यात अजून घोटाभरच पाणी आहे, आणि माझं रोज सकाळी खिडकीतून वाकून बघणं चालू आहे.

आता कामाचं. परवा कोपऱ्यावरच्या गिरणीत दळणाला गेले होते. तिथं एक बाई दुसरीला सांगत होती, "ती ओढ्याकाठची भाकरीवाली म्हातारी ना, पुराला भिऊन पोराकडं गेली." मी डबा खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. घरी आल्यावर वाटलं, गिरणीच्या आवाजात अर्धं तिला ऐकूच गेलं नसेल. म्हणून लिहून काढते. हे दुसऱ्याही कुणाच्या हातात पडेल, तेव्हा तुला माहीत असलेलंही लिहावं लागणार. कंटाळू नकोस.

तू अक्कलकोटच्या पलीकडची, लग्न होऊन सोलापुरात आलीस. तुझा नवरा शिवपुत्र टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. त्यानं ओढ्याकाठी जागा घेतली, कारण बाकीच्या जागा दुसऱ्यांनी आधीच घेतल्या होत्या. तेव्हा ओढा रुंद होता आणि त्यात म्हशी बसायच्या, हे तूच मला सांगितलंस. मी आमच्या घरात राहायला आले तोवर दोन्ही काठांनी घरं पुढं सरकली होती आणि ओढ्याचं गटार झालं होतं. पण पावसाला ते कोण सांगणार? तो जुन्या मापानंच पाणी पाठवतो.

शिवपुत्र गेला तेव्हा गुरुशांत शाळेत होता. तू पुढच्या खोलीत चूल मांडलीस आणि कडक भाकरी करायला बसलीस. सात रस्त्याच्या खानावळी, चिंचोळीच्या कारखान्यांतल्या पोरांचे डबे, पुण्याला पार्सल नेणारे पाहुणे, सगळीकडे तुझी भाकरी. ज्वारीची, कागदासारखी पातळ, उजेडाला धरली तर पलीकडचा माणूस दिसावा अशी. त्यावर गुरुशांत शिकला, हुबळीला रेल्वेच्या कामावर लागला, त्याचं लग्न झालं. तू मात्र जिथं बसलीस तिथंच राहिलीस.

आपली ओळख भांडणातून. मी विमा कंपनीतून निवृत्त होऊन नुकती समोरच्या माडीवर आले होते आणि तुझा धूर माझ्या खिडकीत यायचा. मी तक्रार घेऊन खाली आले. तू भाकरी थापणं न थांबवता म्हणालीस, "अक्का, धूर वरच जातो की. खाली जानारा कुटं मिळतो सांग, आनते."

मला हसू आलं नाही. जिना चढताना आलं.

तेव्हापासून तू मला अक्का म्हणतेस आणि मी तुला अगंतुगं करते. तुझ्या भाकरीला कुणी नाव ठेवलेलं तुला खपत नाही आणि माझ्या चहाला तू नाव ठेवल्याशिवाय पीत नाहीस. ते असो.

गेल्या सप्टेंबरात पाणी आलं, ते काही आकाश फाटलं म्हणून नव्हे. आपल्याकडे तर दुपारी ऊनच होतं. वर कुठंतरी पाऊस झाला आणि पुलाच्या नळ्यांत गाद्या, थर्माकोल, कुणाची तरी अख्खी ताडपत्री अडकली. मी खिडकीतून बघितलं तर ओढा रस्त्यावर. ओरडत खाली आले तोवर तू आणि जुलेखा कामाला लागल्या होतात. जुलेखा तेव्हा तुझ्या गल्लीच्या टोकाला राहायची, तुझ्याबरोबर भाकऱ्या थापायची, आणि तिचा नवरा अतीक गवंडी आहे, हे वाचणाऱ्यासाठी लिहिलं. तुम्ही दोघींनी उंबऱ्यावर जुन्या चादरी गुंडाळून घातल्या, त्याला पाट टेकवले, पाटाला ज्वारीचं पोतं टेकवलं. मी येऊन तिसरी टेकले. पाणी अडलं. बाहेर ते पायरीला धडका देत होतं आणि आत एक थेंब नाही. तू म्हणालीस, "लक्ष्मी येनारं दार हाय, हितनं पानी कसं येईल?"

तेवढ्यात जुलेखा म्हणाली, "अम्मा, मेरे पाँव पीछे से भीग रे."

मागं बघितलं तर मोरीतून काळं पाणी उकळ्या मारत वर येत होतं. ज्या भोकातून आपण सांडपाणी ओढ्यात सोडतो, त्याच भोकातून ओढा आत येतो, हे आपल्या तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही. आपण पुढच्या दारावर पहारा देत उभ्या, आणि तो मागून. गंमत अशी की आता आपण चादरी लावून ठेवल्या होत्या त्यामुळे आत आलेलं पाणी बाहेरही जाईना. घराचा हौद झाला. कमरेपर्यंत आल्यावर मी म्हटलं, चला. तू पोत्याला धरून उभी. शेवटी जुलेखानं तुझा एक हात धरला, मी दुसरा, आणि माझ्या माडीवर आलो. तिथं तू चहा प्यालीस आणि नाव ठेवायला विसरलीस. तेव्हा मी घाबरले.

पाणी उतरलं, गाळ राहिला. पोत्यातली ज्वारी फुगून पोतं उसवलं होतं आणि दोन दिवसांत तिला कोंब आले. तू ती फेकू देईनास. अन्न हाय म्हणालीस. मी म्हटलं, "अन्न होतं, आता ती घाण आहे, नाक आहे ना तुला?" तू पदर नाकाला लावून तिथंच बसलीस. शेवटी अतीकनं ती ओढ्यात न टाकता म्हशीवाल्याच्या उकिरड्यावर पुरली, तेव्हा तुझं समाधान झालं.

मग गुरुशांत आला. आता नीट वाच, गुरुशांत. तू दारात उभा राहिलास, बुटाला गाळ लागू नये म्हणून पाय उचलून, आणि म्हणालास, "अव्वा, बास. घर विकू. घेणारे आहेत."

"कोन घेनार?"

"ओढ्यावर स्लॅब टाकून गाळे काढणारे आहेत. तू चल हुबळीला. तिकडं काय कमी आहे?"

शांतम्मा, तू खराटा टाकला नाहीस. म्हणालीस, "हुबळीला यायचं तवा मी माझ्या पायानं येईन. पान्यानं ढकलली म्हनून न्हाय येनार. लोक काय म्हनतील, शिवपुत्राची बायको वाहून आली?"

"लोकांचं काय घेऊन बसलीस. भिंती बघ. यात तू भाकरी करणार? तुझी भाकरी या घरात एक रात्र तरी कडक राहील का?"

इथं त्यानं बरोबर बोट ठेवलं. कोरड्या घराशिवाय कडक भाकरी नाही. ओल्या घरात ती सादळते, वातड होते, मग खानावळवाला उलट्या पावली परत पाठवतो. मुलगा वाईट नव्हता. त्याला रात्री फोन वाजला की छातीत धस्स होत असणार. मी मध्ये पडले, कारण मला मध्ये पडायची सवय आहे. म्हटलं, "संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थांब. भोगीच्या दिवशी ये. तोवर भिंती वाळल्या आणि चूल पेटली तर तू पुन्हा विकायची गोष्ट काढायची नाही. नाही वाळल्या तर ही तुझ्याबरोबर येईल."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मी तुझं घर परस्पर लिहून दिलंय. मग मान हलवून हळूच म्हणालीस, "हौदु. भोगीपातूर."

तेव्हापासून घर म्हणजे आपली लढाई झाली. निम्मी ओलीशी आणि निम्मी एकमेकींशी.

पहिलं भांडण रंगाचं. तू भिंतींना खांद्यापर्यंत पोपटी ऑइल पेंट दिला होतास, पीठ उडालं की ओल्या फडक्यानं पुसता यावं म्हणून. बरोबरच होतं. पण आता विटांत पाणी आणि वरून तो रबरासारखा पापुद्रा. पाणी जाणार कुठं? मी म्हटलं खरवडा. तू म्हणालीस, चांगला रंग हाय, निघाला का कुटं? अतीकनं छिन्नी लावून हाताएवढा तुकडा काढला. मागून पाणी घळाघळा आलं नाही, पण गिलावा ओल्या भाकरीच्या पिठासारखा हातात आला. तू तो बोटांनी चुरलास, वास घेतलास आणि म्हणालीस, "काढ बाबा सगळा."

अतीकनं छातीपर्यंत गिलावा पाडला. नुसत्या विटा उरल्या. विजेच्या बटणांचा बोर्ड गुडघ्याजवळ होता तो डोक्याच्या उंचीवर नेला. खिडक्या उघड्या टाकल्या. ऑक्टोबरचं ऊन चांगलं कडक पडलं होतं, मी खूश होते. एक दिवस खाली येते तर तू सगळ्या खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी पेटवून बसलेली, घामानं निथळत.

"हे काय?"

"वाळवते की."

"भिंत घामेजली आहे बघ. कोंडलेली वाफ जाणार कुठं? उघड खिडक्या."

"थंडी वाजंल भिंतीला," तू म्हणालीस. भिंत म्हणजे बाळंतीण आहे असं तुला वाटत होतं. शेगडी मी उचलून नेली. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस, तिसऱ्या दिवशी शेगडीचं निमित्त करून वर आलीस.

आणि मग दिवाळी.

ही गोष्ट आपल्याकडचंच माणूस करेल. दिवाळीला घराला रंग नाही, चुना नाही, म्हणजे त्या घरात कुणीतरी गेलेलं आहे. येणारी प्रत्येक बाई दारातूनच नुसत्या विटा बघायची आणि आवाज खाली करून विचारायची, "कोन?" तू सांगून सांगून दमलीस की कुणी गेलेलं न्हाय, पानी आलं होतं. एक तर म्हणाली, तरी पण, सणाचं असं घर ठेवू नये. मी बजावून ठेवलं होतं, भिंतीला काही लावायचं नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी बहिणीकडे गेले. परत येऊन बघते तर पुढची भिंत गुळगुळीत, गुलाबी. अतीक गावाला होता, म्हणून तू दुसराच कुणी पकडून सिमेंटचा हात मारून घेतलास आणि वर डिस्टेंपर.

दिवाळीच्या दिवशी मी कुणाला बोलत नाही. तू मला शंकरपाळी दिलीस आणि भिंतीकडे न बघता म्हणालीस, "लक्ष्मीला विटा दाखवायच्या का, अक्का?"

तुळशीच्या लग्नापर्यंत त्या गुलाबी भिंतीवर तळहाताएवढे फुगे आले. त्यांच्या कडेनं काळे ठिपके. मग पोपडे. दिवाळीपासून चूल पुन्हा पेटली होती, पण वास असा की जुलेखा ओढणी नाकाला बांधून भाकरी थापू लागली. त्या आठवड्यात खानावळीतून भाकऱ्या परत आल्या. तू त्या परातीत मोडून बघत होतीस, एकही मोडत नव्हती, सगळ्या वाकत होत्या. मी दारात उभी होते. मी सांगितलं होतं असं म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती, शांतम्मा, खोटं कशाला बोलू. पण तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं, "उठ. अतीकला बोलव. परत पाडू."

"दिवस किती राहिले ग?"

"पुरतील."

पुरतील की नाही मलाही माहीत नव्हतं.

या खेपेला अंदाजानं काही करायचं नाही, असं मी ठरवलं. मला एक माहीत होतं. भिंतीवर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचा, आत थेंब धरले तर भिंत ओली. तुला सांगितलं. तू म्हणालीस, "मोतीबिंदूच्या डोळ्याला थेंब दिसायचे न्हाईत. कागदाच्या आत भाकरी ठेव. भाकरी मला हातानं कळती."

आणि तसंच केलं. भिंतीभिंतीला खिळा, खिळ्याला दोऱ्यानं अडकवलेली कडक भाकरी, वरून प्लास्टिक आणि चिकटपट्टी. दर शुक्रवारी तू एकेक उघडायचीस. भाकरी कानाजवळ धरून मोडायचीस. मोडली नाही की पुन्हा नवी टांगायची. माझ्या हातात तू एकही दिली नाहीस. मी मोडली की आवाज येतो पण खरं कळत न्हाय, असं तुझं म्हणणं. मला ते अजूनही पटलेलं नाही.

मार्गशीर्ष संपत आला. वेळ अमावस्येला लोक शेतात जेवायला गेले, तू मात्र भिंतीजवळ. पुढच्या खोलीची पूर्वेकडची भाकरी पहिल्यांदा मोडली. अर्धी मोडली, अर्धी ताणली, पण मोडली. मग रस्त्याकडची. मागच्या खोलीतली, ओढ्याच्या अंगाची, काही केल्या मोडेना. कितीही उन्हं दाखवली, पंखा लावला, तिच्या विटांना पायातूनच पाणी लागलेलं.

दरम्यान अतीकनं मोरीच्या नळाला एकतर्फी झडप बसवली. पाणी बाहेर जाईल, आत येणार नाही. वर रबराचा बूचही दिला, मोठा पाऊस आला की ठोकून बसवायला. ज्वारी आणि शेंगा ठेवायला भिंतीत उंच फळ्या केल्या. राहिलं पुढचं दार. त्यानं सांगितलं, चौकटीला दोन्ही बाजूंनी खाच पाडतो, पाऊस आला की त्यात फळी सरकवायची. तू उंबऱ्यावर पाय पसरून बसलीस. चौकटीला छिन्नी लावायची न्हाय. दारात आडकाठी न्हाय.

"अम्मा, फळी रोज नाही ना लावायची," अतीक म्हणाला.

"लक्ष्मी रोज येती, तिला काय म्हाईत कुठल्या दिवशी लावली?"

मी चिडून म्हटलं, "मग मागच्या वेळी तुझ्या लक्ष्मीनं मोरीतून आलेल्याला अडवलं का?" हे बोलायला नको होतं. जुलेखानं तोड काढली. म्हणाली, "अम्मा, उंबऱ्याला कुंकू लावतात तसं फळीला बी लावा. मग वो भी घर की हुई ना." तू सरकून बसलीस आणि अतीकला म्हणालीस, "खाच सरळ पाड. वाकडी केलीस तर बघ."

भोगी आली. गुरुशांत, तू पिशवी घेऊन आत आलास आणि भिंतीवर प्लास्टिकमध्ये टांगलेल्या भाकऱ्या बघून म्हणालास, "अव्वा, देव काढून भाकऱ्या लावल्यास काय?"

"देव माळ्यावर हायत. त्यांना बी ओल सोसत न्हाय."

तुझ्या आईनं बाजरीच्या, तीळ लावलेल्या भाकऱ्या सकाळीच केल्या होत्या, पण त्या ताटात वाढल्या नाहीत. आधी भिंती, मग जेवण. तू म्हणालास, मी मोडतो. ती तुला मोडू देईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती बाजूला झाली.

पूर्वेची भाकरी तू काढलीस. मोडली, कट्ट. रस्त्याकडची, कट्ट. मग तू मागच्या खोलीत गेलास. शांतम्मा, तू भिंतीला टेकून उभी होतीस आणि तुझ्या हातातला पदर पिळून दोरीसारखा झाला होता. गुरुशांत बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातली भाकरी रुमालासारखी लोंबत होती.

तो ती तशीच धरून उभा राहिला.

मी तोंड उघडलं, पण तू आधी बोललीस. "ती खोली ओढ्याची."

"म्हणजे?"

"म्हंजे त्याला दिली. त्याची जागा तुझ्या बानं घेतली होती, थोडी परत केली. तितं गिलावा न्हाय, रंग न्हाय, सामान न्हाय. नुसत्या विटा. पानी आलं तर येईल, फिरंल, जाईल. मी पुढची खोली मागते. तेवढी मला पुरती."

हे तू मला आधी सांगितलं नव्हतंस. मी आठवडाभर त्या खोलीसाठी डोकं फोडत होते, आणि तू ती देऊन मोकळी झाली होतीस. गुरुशांतनं ती लोंबणारी भाकरी खिडकीत ठेवली, पूर्वेच्या भिंतीवरची मोडकी उचलली आणि उभ्याउभ्या खाल्ली.

"चटणी तरी घे," तू म्हणालीस.

त्यानं घेतली. विकायचं बोलणं त्यानं नंतर कधी काढलं नाही. तो शब्दाचा आहे, हे मी त्याच्या तोंडावर लिहिते.

यात्रेत तुझी भाकरी हातोहात गेली. पुढच्या भिंतीला आपण फक्त चुना दिला, म्हणजे भिंतीला श्वास घेता येईल. मागच्या खोलीत तू शेवटपर्यंत काही ठेवलं नाहीस, एक रिकामी घागरसुद्धा नाही.

आणि मग वैशाखात वळीव पडला. ओढा पायरीपर्यंत आला. तू कुंकू लावलेली फळी खाचेत सरकवलीस, जुलेखानं मोरीचा बूच ठोकला, आणि मी तुमच्या मागं उभं राहून या वेळी मोरीकडेच बघत होते. झडप गुरगुरली. मागच्या खोलीत विटांमधून पाणी झिरपलं, जमिनीवर पसरलं आणि तासाभरानं जसं आलं तसं गेलं. पुढची खोली कोरडी. चूल पेटती. तू थापत होतीस.

त्यानंतरच तू हुबळीला जायचं काढलंस. सुनेचे दिवस भरत आलेत, तिला आई नाही, आणि तुझी मनगटं आता थापून थापून सुजतात. तू हे वळवाआधीही म्हणू शकली असतीस. म्हणाली नाहीस. पाणी एकदा येऊन बघून जाऊ दे, मग मी बघते, असं तुझ्या मनात चाललं असणार. चूल जुलेखाला दिलीस, घर तिला राहायला दिलंस, किल्ली माझ्याकडे दिलीस, आणि रिक्षात चढताना माझा हात झिडकारलास. तुझ्या पायानं चढलीस. हे गिरणीतल्या बाईला कुणी सांगायचं? म्हणून हे पत्र.

एक राहिलं, तेही लिहिते.

संक्रांतीनंतर, तुझी यात्रेची गर्दी ओसरल्यावर, आपण ओट्यावर बसलो होतो. तू ओढ्याकडे बघत विचारलंस, "अक्का, ह्यो येतो कुटनं?"

मला सांगता आलं नाही. तुला तर इथं येऊन जन्म गेला, तुलाही नाही. अतीक म्हणाला, वर माळावर कुठंतरी. जुलेखाला वाटत होतं तलावातून. तू म्हणालीस, "ज्याच्याशी एवढं भांडलो, त्याचं घर तरी बघून येऊ की. हितं गटार हाय, हितं त्याची ओटी कशी भरायची? तितं वर चांगलं पानी असंल. तितं भरू." दुसऱ्याच दिवशी तू चौकातून हिरवा खण आणलास. नारळ आयत्या वेळी घेऊ म्हणालीस.

रविवारी जायचं ठरलं. त्या रविवारी तुला लग्नाच्या भाकऱ्या आल्या. पुढच्या रविवारी माझा गुडघा धरला. मग शिवरात्र. मग ऊन असं तापलं की सकाळी नऊला रस्त्यावर कुत्रं दिसेना. तू म्हणालीस, मिरग लागला की जाऊ, तवा पानी बी असंल. मिरगाच्या आधीच तू रिक्षात बसलीस.

खण माझ्या कपाटात आहे. जुलेखा म्हणते, अक्का, आपण जाऊ, मी येते. अतीक मोटारसायकलवर नेतो म्हणतो, वरपर्यंत कच्चा रस्ता आहे, त्यानं बघून ठेवलाय. मी दोघांना नाही म्हणून सांगितलं. नारळ तू आल्यावरच घेऊ.